पाठमोरी

सिनेमा काढणाऱ्या माणसाला दोन प्रश्न जन्माला पुरतात. एक, गोष्ट काय आहे? आणि दुसरा, खरी आहे का? पहिल्याचं उत्तर तिनं घोकून पाठ केलं होतं. दुसऱ्याला ती नुसती हसायची आणि चहा मागवायची. पहिलाच सिनेमा, त्यात दिग्दर्शक बाई, म्हणून तिचं हसणंसुद्धा लोक नवखेपणाच्या खाती टाकत. टाकू देत, म्हणायची ती.

गोष्ट खरी होती. घरातून हाकललेला मुलगा एका दुपारी परत येतो आणि दार वाजवतो. आत आई खुर्चीत बसलेली असते. ती उठत नाही. संध्याकाळी मुलगा जिन्यात मेलेला सापडतो. बाकीचा सिनेमा म्हणजे त्या दुपारच्या अलीकडचं आणि पलीकडचं, बस्स. तो मुलगा तिचा दादा होता. आणि खुर्चीतली आई तिचीच आई होती, जी अजून हातीपायी धड होती आणि लेक जेवत नाही म्हणून अधूनमधून सेटवर डबा घेऊन येत होती.

आईला तिनं एवढंच सांगितलं होतं, "आपल्यासारख्याच एका घराची गोष्ट आहे." संहितेचं एक पानसुद्धा आईच्या नजरेस पडू दिलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. इथं तर ताकही आईच्याच घरचं होतं.

त्या घरात दादाचं नाव निघत नसे. तो प्यायचा, ओरडायचा, घरातल्या वस्तू बाहेर न्यायचा. घंटी सारखी दाबतो म्हणून बाबांनी एके दिवशी घंटीच काढून टाकली आणि सांगितलं, "तो आला तर दार उघडायचं नाही. उघडलंत तर मी या घरात नाही." बाबा बोलल्याप्रमाणे वागणारे होते, हीच त्यांची एक अडचण होती. दादा गेल्यावर ते बरीच वर्षं जगले आणि दादाचं नाव न घेता गेले. आईनंही कधी विषय काढला नाही. मायलेकी एका ताटात जेवत होत्या, एका आजारपणातून दुसऱ्यात एकमेकींना ओढून नेत होत्या, जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलत होत्या. ती एक दुपार सोडून.

ती दुपार तिनं अंथरुणात पडून ऐकली होती. दहा-अकरा वर्षांची होती. जेवणं झाली होती, बाबा आतल्या खोलीत घोरत होते, तिला बाहेरच्या खोलीत पलंगावर झोपवलं होतं आणि आई दाराकडे तोंड करून खुर्चीत कपड्यांच्या घड्या घालत होती. दार वाजलं. तिनं डोळे किलकिले केले. तिला आईची पाठ दिसत होती. आई उठेल, मग उठेल, असं बघता बघता दार वाजायचं थांबलं. आई उठली नाही. एवढंच तिनं पाहिलं होतं, आणि या एवढ्यावर तिचा अख्खा सिनेमा उभा होता.

सिनेमात मात्र पलंगावर कोणी नव्हतं. संहितेत त्या घराला मुलगीच नव्हती. "लहान पोरांबरोबर चित्रीकरण म्हणजे डोक्याला ताप," असं ती सगळ्यांना सांगे. कॅमेरा सांभाळणाऱ्या उस्तादांना ते पटलं होतं. ते म्हणाले, "पोरं आणि मांजरं, दोघांनी मला म्हातारं केलंय." त्यामुळे याबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही.

उस्ताद हे टोपणनाव. माणूस बारा गावचं पाणी प्यालेला, नव्या दिग्दर्शकांना वळण लावण्यात हयात गेलेली. तिला 'पोरी' म्हणत आणि तिचं न ऐकता तिला हवं तेच करत. त्यांची एक खोड होती. दिवे लागले की कॅमेरा चालू. तालीम असो, नुसती जागेची पाहणी असो, ते चित्रित करून ठेवत. म्हणत, "खरं काम माणूस न सांगता करतो." आणि मुख्य सहायक होता त्याला सगळे 'घाई' म्हणत. पन्नाशीचा, टकलू, आयुष्यभर दुसऱ्यांचे सिनेमे वेळेत संपवून देणारा. सकाळी 'घाई करा' म्हणत यायचा, संध्याकाळी 'घाई करा' म्हणत जायचा.

सेट होता एका बंद पडलेल्या कचेरीत. मधोमध प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या करून त्यांनी खोली केली होती. खुर्ची, पलंग, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. सगळं चांगलं होतं, फक्त दार तिला पसंत पडेना. प्लायवूडचं दार वाजवलं की रिकामं खोकं वाजवल्यासारखं होई. तिनं सुताराला खरं, जड, लाकडी दार आणायला लावलं, त्याला खरी कडी बसवून घेतली. निर्मात्यानं कपाळाला हात लावला. "दिसतं तर सारखंच!" तो म्हणाला. ती म्हणाली, "दिसायचं नाहीये, ऐकू यायचंय."

आणि दार वाजवण्याचं काम तिनं स्वतःकडे ठेवलं. मुलाचं काम करणारा नट वाजवू बघत होता, चांगला वाजवत होता बिचारा. पण तिला चालेना. संहितेत नुसतं लिहिलं होतं, 'तीन वेळा दार वाजतं.' कसं वाजतं ते लिहिलेलं नव्हतं. ते तिच्याजवळ होतं.

दाराच्या प्रसंगाचा दिवस आला. त्या दिवशी येऊ नकोस, असं तिनं आईला आदल्या दिवशी बजावलं होतं. "फार गडबड आहे गं. बसायलासुद्धा जागा नाही." आई "बरं" म्हणाली. आयांचं 'बरं' किती टिकतं हे एवढ्या वयात तिला कळायला हवं होतं.

प्रसंग उस्तादांनी सुचवल्याप्रमाणे खुर्चीच्या मागून घ्यायचा होता. चौकटीत आईची पाठ, मान, मांडीवरच्या शर्टावरचे हात, आणि समोर बंद दार. चेहरा नाहीच. "चेहऱ्यावर नट मंडळी लबाडी करतात," उस्ताद म्हणाले, "पाठीला लबाडी येत नाही." तिला ते एकदम पटलं. का पटलं ते तिनं सांगितलं नाही.

आईचं काम करणाऱ्या नटीच्या केसांना पांढरा रंग लावायचं काम चाललं होतं आणि ते काही लवकर आटपणारं नव्हतं. अशा वेळी नटीच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बसवून दिवे लावून घेतात, तालीमही उरकून घेतात. रोजचीच गोष्ट. मागे एकदा दिवेवाल्या एका मिशाळ गड्याच्या डोक्यावर शाल टाकून त्याला खुर्चीत बसवलं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते. त्यामुळे खुर्चीत कोण बसलंय हे दिग्दर्शक विचारत नाही. कोणीतरी असतं.

ती दाराच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथं प्लायवूडची उघडी पाठ, वायरी, वाळूच्या पिशव्या. हातातल्या वॉकीटॉकीवर घाईचा आवाज आला. "मॅडम, खुर्चीत माणूस बसवलंय. उस्ताद तयार. घेऊ या?"

"घ्या," ती म्हणाली.

आत सगळं शांत झालं. तिनं डोळे मिटले. एवढे महिने ती हा प्रसंग लिहीत, खोडत, लोकांना समजावत आली होती, पण हात उचलून दार वाजवायची वेळ पहिल्यांदाच आली होती. तिनं हात उचलला आणि तसाच खाली घेतला. स्वतःचीच चीड आली तिला. म्हटलं, सिनेमा आहे हा, वाजव.

पहिल्यांदा बोटांच्या पेरांनी. तीनदा, भरभर, जसं घरचं माणूस वाजवतं. मग थांबली. दादा तेव्हा बराच वेळ थांबला होता. दुसऱ्यांदा उघड्या तळव्यानं. तो आवाज मारल्यासारखा नव्हता, दाराला टेकल्यासारखा होता. मग पुन्हा थांबली. आणि मग ती जमिनीवर बसली, दाराला खांदा लावून, आणि दाराच्या अगदी तळाशी, उंबऱ्यालगत, बोटांनी हळूच वाजवलं. कारण तिसऱ्यांदा दार खालून वाजलं होतं. तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या तिला कळलं नव्हतं की आवाज असा खालून का येतोय. पुढं कळलं. त्याला उभं राहवत नव्हतं.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. असं व्हायला नको होतं. कोण गाढव उठलं, असं तिच्या मनात येतंय तोवर कडी वाजली आणि दार उघडलं.

खाली बसलेल्या तिला आधी पाय दिसले. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. ती करंगळी तिला जन्मापासून माहीत होती.

आई वाकलेली होती. दारात कोणाला शोधावं लागलंच नव्हतं तिला, नजर आधीच खाली होती, आणि कोणाला तरी उठवायला हात पुढे केलेला होता. लेकीला बघून तो हात तसाच राहिला. आईच्या मागे घाई ओरडत होता, "अहो मावशी! उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला?" आणि दिवेवाले हसत होते. चांगल्या मनानं हसत होते. मावशींच्या डब्यातलं सगळ्यांनीच खाल्लं होतं.

"तू जागी होतीस," आई म्हणाली.

तिची बोटं अजून उंबऱ्यालगत होती.

"खालून वाजवलं होतं त्यानं. हे कोणाला ठाऊक नाही. तू जागी होतीस."

काय झालं होतं ते घाईनं नंतर सांगितलं, अपराध्यासारखं, टक्कल पुसत. मावशी डबा घेऊन आल्या. अंगलट नटीसारखीच, केसही आपसूकच पांढरे. उस्ताद म्हणाले, असं माणूस बसलं तर दिवे चोख लागतील. मावशींना गंमत वाटली. नटीची शाल पांघरली, मांडीवर शर्ट घेतला. 'काम काय करायचं?' म्हणाल्या. त्यानं सांगितलं, कोणीतरी दार वाजवेल, उठायचं नाही. 'कोण वाजवणार?' 'कोणी का वाजवेना मावशी, आपण उठायचं नाही.' त्यावर मावशी एकदम गप्प झाल्या. त्याला वाटलं, कामात शिरल्या.

चित्रीकरण थांबवलं. दिवे ठेवायच्या खोलीत खोक्यांवर दोघी बसल्या. मध्ये डबा होता. तो कोणी उघडला नाही. बराच वेळ आई नुसती हाताच्या रेषा चोळत बसली होती, रंग लागल्यासारखी.

"मला वाटलं तू झोपलीयेस," ती म्हणाली. "म्हणून तर उठले नाही मी. ती कडी काढली की केवढी वाजायची. तू उठणार, तुझे बाबा उठणार, मग तमाशा. म्हटलं, थोडा वेळ जाऊ दे. चहा झाला की तुझे बाबा फिरायला बाहेर पडतात, तेव्हा घेऊ त्याला आत. खाऊ घालू काहीतरी. चहापर्यंतच म्हटलं मी. किती राहिला होता चहा?"

"आई..."

"तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मला वाटलं, बसला दमून. बसू दे म्हटलं, बसला म्हणजे जायचा नाही." आईनं नाक पुसलं. "खाली उतरत होता गं तो. मदत मागायला चालला असेल कोणाकडे. निम्म्या जिन्यात..."

लेकीला वाटत होतं, आईचा हात धरावा. पण आईवर सिनेमा काढणाऱ्यानं आईचा हात कोणत्या तोंडानं धरायचा? तिला लाज वाटत होती, अंगभर लाज, आणि त्या लाजेच्या खालून, अगदी खालून, एक दुसराच विचार वर येत होता. उस्तादांनी कॅमेरा चालू ठेवला असणार.

"सिनेमात काय होतं?" आईनं विचारलं. "उठते का ती बाई?"

"नाही."

"नाहीच उठत?"

"आई, तसं झालं नव्हतं ना. मला खरं दाखवायचंय."

आईनं मान वर केली. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. "खरं? बरं. मग यात तू कुठे आहेस?"

तिनं डब्याकडे बघितलं.

"पलंग ठेवलायस तिथं. मी बघितला. रिकामा आहे. दोघी होतो की गं आपण त्या खोलीत. तुझा हात पोचत होता कडीला. मी तुला काही बोलत नाहीये, तू पोर होतीस. पण खऱ्याचं मला नको सांगू." मग आईनं डब्याची कडी उगाच काढली आणि लावली. "तू स्वतःला वगळलंस ते वगळलंस. मग मला तेवढं उठव. एकदा उठू दे मला. बाकी काय वाट्टेल ते दाखव."

"बघते," ती म्हणाली.

हे 'बघते' म्हणजे काय, ते तिचं तिला माहीत होतं. आईनं मात्र ते 'हो' आहे असं धरलं, कारण ती उठली, डबा उघडला आणि म्हणाली, "खाऊन घे. तोंड बघ केवढंसं झालंय."

त्याच दिवशी नटीनं प्रसंग केला. चांगला केला. दार वाजल्यावर तिची पाठ ताठ झाली, मग थरथरली, मग खचली. सगळं बरोबर होतं आणि सगळं दिसत होतं. कॅमेरा आवरताना उस्ताद तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, सकाळचं आहे माझ्याकडे. तुझ्या आईचं. मी पुसून टाकू का?"

तिनं पुसून टाका म्हणायला हवं होतं. "राहू दे," ती म्हणाली.

संकलनाच्या खोलीला खिडकी नव्हती. संकलक बाई कमी बोलणारी होती. खुर्चीत मांडी घालून बसायची आणि माणसांचे श्वाससुद्धा कापायची. तिनं दोन्ही तुकडे एकामागे एक लावले. आधी नटीचा, मग तालमीचा.

शाल तीच, शर्ट तोच, पाठ तेवढी वेगळी. पहिल्यांदा दार वाजतं तेव्हा आईचे हात घडी घालत असतात. ते थांबत नाहीत, सावकाश होतात. दुसऱ्यांदा हात थांबतात. मग तिसऱ्यांदा तळातून आवाज येतो, आणि मान हळूहळू खाली वळते, दार, दाराचा मध्य, दाराचा तळ. बोटांत शर्टाची बाही पिळली जाते. खांद्यांचं काहीतरी होतं, ज्याला नाव नाही. तेवढं होतं आणि मग आई उठते.

संकलक बाईनं चित्र थांबवलं. म्हणाली, "सिनेमा हा आहे. बाकीचं आपण सगळं यासाठी केलंय. कोण आहे या?"

"तालमीला बसवलं होतं कोणालातरी."

"नशीब आपलं. चेहरा नाहीये, कोणाला कळणार नाही." तिनं बोटानं पडद्यावरची पाठ दाखवली. "फक्त उठतात त्या. ठेवायचं?"

ठेवलं तर पुढचं सगळं बदलत होतं. आई उठली तर दार उघडणार, दार उघडलं तर मुलगा वाचणार, निदान आईच्या हातात मरणार. जिन्याचा प्रसंग गेला. शेवट गेला. एक रडका, गोड सिनेमा झाला असता, असे ढिगानं निघतात. तिनं स्वतःला हे सगळं समजावलं, आणि यातलं काहीही खोटं नव्हतं, म्हणून तर फार सोपं गेलं.

अंधाऱ्या खोलीत तिला एक मात्र आठवलं, जे तिनं संहितेत, उस्तादांना, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाबा तिला सिनेमाला नेणार होते. तिच्या आयुष्यातला पहिला. उशाशी नवा फ्रॉक ठेवलेला होता. दादा आत आला की भांडण होणार आणि भांडण झालं की सिनेमा बुडणार, हे हिशेबानं तिला कळत होतं. म्हणून ती डोळे मिटून पडली होती. आई उठू नये म्हणून तिनं तेव्हा मनातल्या मनात देवाची विनवणीसुद्धा केली होती.

"सांगा," संकलक बाई म्हणाली. "कुठे कापू?"

"गुडघे हलायच्या आधी," ती म्हणाली.

पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. निर्माता नव्या कोटात इकडून तिकडे नाचत होता. खेळ संपला की पडद्यासमोर जाऊन तिनं चार शब्द बोलायचे होते. आई तिच्या शेजारी, रांगेच्या कडेच्या खुर्चीत बसली होती. ठेवणीतली साडी नेसली होती आणि दिवे मालवायच्या आधीच चष्मा पुसून तयार होती. सिनेमाबद्दल आईनं पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं. तिचा शब्दावर विश्वास होता. शब्द दिलाच नव्हता ही गोष्ट वेगळी.

ती दुपार पडद्यावर आली. थिएटरात खोकणारे थांबले. खुर्ची, पलंग, पाठ.

आई जराशी पुढे झाली. माणसाला आपली पाठ कधी दिसत नाही. पण हात दिसतात. आईनं पडद्यावरचे हात बघितले, मग मांडीवरचे स्वतःचे.

"मीच ना गं?" ती कुजबुजली.

"हो."

अंधारात आई हसल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा दार वाजलं. दुसऱ्यांदा वाजलं. पुढच्या रांगेत कोणीतरी तोंडावर हात घेतला. तिसऱ्यांदा तळातून आवाज आला, पडद्यावरची मान हळूहळू खाली वळली, आणि आईनं लेकीच्या मनगटावर हात ठेवला.

"आता उठते मी," आई म्हणाली.

पडद्यावर जिना आला. रिकामा जिना, आणि कठड्यावर दुपारचं ऊन.

आईला आधी कळलं नाही. ती वाट बघत राहिली, पडदा पुन्हा खोलीत जाईल म्हणून. पडदा गेला नाही. मग मनगटावरचा हात निघाला. तो झटकून काढला नव्हता, एखादी वस्तू जागेवर ठेवून द्यावी तसा आईनं तो आपल्या मांडीवर परत नेला. थिएटरभर मुसमुसणं ऐकू येत होतं. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "काय पाठ आहे बाईची!"

आई उठली. खुर्चीची बैठक खाडकन वर गेली, दोन-तीन जणांनी त्रासून बघितलं. ती अंधारात खुर्च्यांच्या पाठींना धरत धरत मागे गेली. थिएटरचं दार उघडलं, बाहेरचा उजेड पट्ट्यासारखा आत पडला, आणि दार सावकाश आपोआप मिटत गेलं.

बाहेर आईला कोणी ओळखीचं नव्हतं. भरल्या डोळ्यांनी त्या गुळगुळीत पायऱ्यांवरून ती एकटी धड उतरूही शकली नसती. लेकीला हे सगळं कळत होतं. आपण उठायला हवं, आत्ता, या क्षणाला, हेही कळत होतं. तिनं खुर्चीच्या हातांवर तळवे टेकलेसुद्धा. पण तिची बैठकही अशीच खाडकन वाजली असती. सगळे वळून बघणार. दिग्दर्शकच उठून गेली म्हणणार. शेवटचा प्रसंग तोंडावर आलेला, आणि निर्माता पलीकडच्या रांगेतून अंगठा वर करून तिला काहीतरी खुणावत होता.

थोडा वेळ जाऊ दे, तिनं मनाशी म्हटलं. दिवे लागले की जाऊच. दिवे लागेपर्यंतच. किती राहिलाय आता सिनेमा?

तिनं तळवे उचलून मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघत बसून राहिली.